पाचपैकी एक

“गवताला तुम्ही एक दिलात?” क्षितिजा मॅडमनी फॉर्मची प्रत पुढे धरली. “पाचपैकी एक?”

गार्डची टोपी हातात धरून उभ्या असलेल्या वाल्मीकने मान डोलावली. एकच दिला होता. त्याहून वरचा नंबर फॉर्मवर नव्हताच.

शनिवारी कंपनीत नव्या क्रिकेट गेमची चाचणी होती. सहा खेळणाऱ्यांपैकी मनीष तापाने पडला. तो वाल्मीकच्या माण गावातल्या घरचा भाडेकरू. त्यानेच फोनवर सांगितलं, गेटवरच्या वाल्मीकदादांना बसवा, तीन वर्षं माझ्याच कन्सोलवर मला हरवतायत. मॅडम म्हणाल्या होत्या, टेस्टरची एक जागा रिकामी आहे. डिग्रीचं बघू, आम्हाला नजर हवी.

गवत? एक. जुन्या कन्सोलवर मैदान म्हणजे हिरवी सतरंजी. इथे पातं न् पातं वेगळं.

कपाळावरचा घाम? एक.

सावल्या? चार. आभाळात संध्याकाळ आणि सावली भरदुपारची.

धावणं? पाच. कापणी झालेल्या खाचरात अनवाणी फिल्डिंग केलेल्या माणसाला ते बघवेना.

एकेका शब्दाचे प्रश्न त्याला कळले, पण आकडे कसे द्यायचे ते वरच्या लांब इंग्रजी ओळीत होतं. ती त्याला वाचता आली नाही, शेजारच्याला विचारायची लाज वाटली. आणि विचारायचं तरी काय? शाळेत, आखाड्यात, टेनिस बॉलच्या स्पर्धेत एक म्हणजे पहिला. पाचव्याला कोण पुसतं? मत लिहायचा चौकोन त्याने कोरा सोडला.

सगळे त्या गवतावर खूश आहेत, मॅडम सांगत होत्या, आणि तुमचं सगळंच उलटं.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं.

“आमच्यात एक म्हंजी पयला नंबर, मॅडम.”

त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गेम लावला. वाल्मीक पडद्याजवळ गेला.

“टाच बघा. टेकतीया का? ह्यो पळत न्हाई, ह्येला कुनीतरी वढतंय.”

मॅडमनी तेच चार वेळा फिरवून पाहिलं. बाकी पाच जणांपैकी कुणाला हे दिसलं नव्हतं. मग तो बोलत गेला आणि त्या अर्धा तास इंग्रजीत लिहीत गेल्या. दोन पानं भरली. नावाच्या जागी मात्र पेन थांबलं. एकाचा एकच फॉर्म, आणि वाल्मीकचा सकाळीच वरच्या लोकांकडे गेला होता. तो मागे घ्यायचा तर कारण लिहावं लागणार, की यांना फॉर्म वाचता आला नाही.

“लिहू?” त्यांनी विचारलं.

वाल्मीकने टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. हे वाचल्यावर वरचे लोक त्याला खुर्ची देणार नव्हते, आणि ही दोन पानंही बाजूला ठेवणार होते.

“मनीषचा फॉर्म ऱ्हायलाय न्हवं? त्याचं नाव घाला.”

“आणि तुम्ही?”

“त्यो गडी खोटा पळतोय. तेवढं दुरुस्त करा.”

पंधरा दिवसांनी मनीषला टेस्टरची खुर्ची मिळाली. त्याला सगळं कळलं होतं. घरी तो दोनदा काही सांगायला आला आणि नळाला पाणी येत नाही एवढंच बोलून गेला. कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी गेटवर मोटरसायकल थांबवून त्याने खाली बघतच म्हटलं, “दादा, मी मॅडमना सांगतो...”

“बॅग, साहेब.”

वाल्मीकने बॅग उघडली, डबा उचलून खाली पाहिलं, पुन्हा जागच्या जागी ठेवला. चेन अडकत होती. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले, तरी त्याने ती शेवटपर्यंत नीट ओढली आणि फाटक वर केलं.