भिंतीकडचं टेबल

खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत मागच्या भिंतीकडच्या टेबलाशी करुणा टाइपरायटरवरचे हात उचलून बसली. समोर, दाराजवळच्या टेबलावर जावक नोंदवणारे भीमातात्या तिच्याकडे बघत राहिले. असा कोरडा, तळातून येणारा खोकला त्यांच्या ओळखीचा होता.

"कवापास्नं हाय गं?"

"सर्दी हाय तात्या. दिवाळीपास्नं हटंना झालीय."

बारामती एमआयडीसीतल्या या पशुखाद्याच्या कारखान्यात तात्यांनी उमेदीची सगळी वर्षं मका आणि पेंड भरडण्याच्या यंत्रावर काढली होती. छाती भरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी धूळ सोडायला सांगितलं. तात्यांनी मॅनेजरसाहेबांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. शेवटी साहेबांनी त्यांना ऑफिसात बसवलं. त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, कुशाबाईनं, आळीत पेढे वाटले.

पण ऑफिस म्हणजे त्याच यंत्राला पाठ लावून उभी केलेली प्लायवूडची खोली. तिकडे धूळ दिसायची, तोंडाला फडकं तरी बांधता यायचं. इथं काहीच दिसत नव्हतं. दुपारच्या तिरिपेत मात्र हवा पिठासारखी दिसे, आणि घरी गेल्यावर छाती पुन्हा वाजू लागे. तात्या कुणाला बोलले नव्हते. बोलून जाणार कुठं?

आज मात्र ते केबिनमध्ये गेले.

"साहेब, मागच्या भिंतीच्या फटी बुजवाय पायजेत. भुकटी येती आत."

साहेबांनी मान वर केली. "तुमची छाती परत धरली का?"

"माजी न्हाय. पोरगी लई खोकतीया."

"ती कधी मशीनवर गेलीय का? सर्दी असेल. महिनाअखेर होऊ द्या, बघू." साहेब पुन्हा कागदात शिरले. "आणि भीमराव, इथं जमत नसेल तर सांगा."

"न्हाय साहेब. जमतंय की."

बाहेर येऊन ते करुणाला हळूच म्हणाले, "दुसरीकडं बघ बाई कुठं. हितली हवा बरी न्हाय."

"वडील गेल्यापास्नं घर माज्यावर हाय, तात्या. जळोचीवरनं सायकलीनं येता येतंय, म्हणून तर हितं टिकले. दुसरं कोण घेतंय मला?"

तात्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी करुणा आली तेव्हा तिचं टेबल रस्त्याकडच्या दाराशी होतं आणि तात्या यंत्राच्या भिंतीला टेकून बसले होते.

"आवो, ही तर तुमची जागा. पंखाबी हितंच हाय."

"मला दाराचं वारं बाधतंय. तू बस तितं. आन् दार उघडं ठेव जरा."

तिनं पायानं विटेचा तुकडा दाराला लावला. बाहेरचा गार वारा आत आला, टेबलावरचे कागद हलले. तो तात्यांच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हता. मघापासून येणारा खोकला त्यांनी दाबून धरला होता. ते जावक लिहीत राहिले. पलीकडे यंत्र सुरू झालं, पाठीमागची भिंत थरथरू लागली, तेव्हा कुठं त्या आवाजात त्यांनी तोंडाशी रुमाल धरून खोकून घेतलं.