ऊठ, कोंबड्या हाकल

चोवीस पट्ट्यांपैकी पंधरा विणून झाल्या होत्या आणि न्यांताचीला बसता येत नव्हतं.

पट्ट्या एकमेकींना शिवून पांघरायचं वस्त्र व्हायचं होतं. ते त्याच्या बायकोच्या, पोमाच्या वर्षदिनासाठी होतं; ती जाऊन वर्ष होत आलं होतं. पांढऱ्यावर काळं, मधे एक निळी रेघ. दिवसाला महिना उरला होता. चाळीस वर्षांत त्यानं कुणाचं वस्त्र उशिरा दिलं नव्हतं. लग्न असो, बारसं असो, गावचे प्रमुख नाना ओडुरो गादीवर बसले तो दिवस असो, न्यांताचीनं शब्द दिला की लोक निर्धास्त व्हायचे. आता स्वतःच्या बायकोच्या दिवसाला बाजारातून विकत घेतलेलं अंगावर टाकून उभं राहायचं? त्यापेक्षा माग मोडून चुलीत घातलेला बरा.

पण गुदद्वाराशी द्राक्षाएवढी गाठ आली होती. मागापुढच्या बसायच्या फळीवर टेकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत.

मागांच्या छपरात शेजारच्या मागावर अमानक्वा होता, त्याचा लहानपणचा सोबती. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काय रे, एका कुशीवर विणायची नवी तऱ्हा काढलीस का?"

"फळी वाकलीय."

"फळी सरळ आहे. तू वाकलायस. कूको झालंय तुला, कूको! सगळ्या गावाला आहे. तुला तेवढी लाज."

कूको म्हणजे मूळव्याध. पण त्या गावात पाठ धरली तरी कूको, तोंड आलं तरी कूको, बायकोशी पटेना तरी कूकोच. बाजाराच्या दिवशी भोंगा लावून एक औषधवाला यायचा आणि या सगळ्यांवर एकच बाटली विकायचा. न्यांताचीनं ती घेतली. औषधवाल्यानं सांगितलं तसं आलं आणि लाल मिरची वाटून, रबरी फुग्यानं तो काढा मागून आतही घेतला.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो घराभोवती फेऱ्या मारत होता. शेजारणीनं विचारलं, "भाऊ, काही हरवलंय का?" तो म्हणाला, "अक्कल."

दुसऱ्या दिवशी तो आरोग्य केंद्रात गेला. तिथे सिस्टर अदोमा होती. हिच्या लग्नाचं वस्त्र त्यानंच विणलेलं. तिला पाहून तो रांगेच्या शेवटी भिंतीशी उभा राहिला.

"काय होतंय, मामा?"

"गुडघा दुखतोय."

"गुडघा दुखणारा माणूस आल्या आल्या बाकावर बसतो. तुम्ही तासभर उभे आहात." तिनं दार लोटलं, पडदा ओढला. "मामा, मी रोज बाळंतपणं करते. मला लाजायचं नसतं, तुम्हीही लाजू नका. कुशीवर व्हा."

तिनं नीट तपासलं. बोलताना आवाज अगदी साधा होता, सुताचा भाव सांगावा तसा.

"बाहेरच्या बाजूची शीर फुगलीय आणि तिच्यात रक्त गोठलंय. म्हणून एवढं ठणकतंय. जिवाला धोका नाही. पण कातडी भाजल्यासारखी लाल झालीय. मिरची कुणी सुचवली?"

"भोंगेवाल्यानं."

"त्याला म्हणावं, आधी स्वतः घेऊन दाखव." ती हसली नाही, पण ओठ हलले. "दिवसातून तीनदा कोमट पाण्यात बसायचं, थोडा वेळ. हे मलम लावायचं. कुंथायचं नाही. आठ-पंधरा दिवसांत गाठ विरेल. विरली नाही, रक्त गेलं, ताप आला, पू झाला, तर लगेच परत यायचं, मी कुमासीला मोठ्या दवाखान्यात पाठवीन. गाठ दिसली की सगळेच कूको म्हणतात आणि बाटली पीत बसतात. दरवेळी तेवढंच नसतं." मग तिनं विचारलं, "खाता काय?"

"कसाव्याची गारी भिजवून. डब्यातली मासळी."

"पालेभाजी?"

"पोमा होती तोवर अळूच्या पानांचं कालवण असायचं."

"पाणी किती पिता?"

"पाणी प्यालं की उठावं लागतं. उठलं की नक्षीची मोजणी चुकते."

"मग दिवसभर उठतच नाही? आधीही असंच?"

न्यांताची हो म्हणायला गेला. आधी असं नव्हतं. आधी पोमा दर थोड्या वेळानं पाण्याचा भोपळा घेऊन छपराशी यायची आणि तो रिता होईपर्यंत हलायची नाही. वर म्हणायची, "ऊठ, कोंबड्या हाकल. धान खातायत." तो चिडायचा. "तुला हात नाहीत का?" "माझे हात पिठात आहेत. ऊठ." तो उठायचा, कोंबड्यांवर ओरडायचा, परत यायचा. पस्तीस वर्षं. कधीकधी अंगणात धानही नसायचं.

"तिचा बाप विणकर होता," तो हळू म्हणाला. "शेवटी शेवटी त्याला बसता येत नव्हतं."

सिस्टरनं मलमाची डबी त्याच्या हातात ठेवली. "मग मामीला माझ्याआधी कळलं होतं."

ही गोष्ट त्यानं छातीशी धरून घरी नेली. त्याची बायको शाळेत गेली नव्हती. तरी सिस्टरनं सांगितलं तेच तिनं पस्तीस वर्षं केलं होतं, एकदाही उपकार न सांगता.

तो कोमट पाण्यात बसला. अळूची पानं शिजवली. पहिल्यांदा खारट झाली, तरी खाल्ली. बाराव्या दिवशी गाठ हाताला लागेनाशी झाली. तोवर मऊ गादी घालून जमेल तेवढं विणलं, पुढे जोरात. दर तासाला धोटा ठेवून तो उठायचा, भोपळाभर पाणी प्यायचा, आणि कोंबड्या असोत-नसोत, अंगणात जाऊन हाकलायचा. मोजणी एकदाही चुकली नाही. चोविसावी पट्टी दोन दिवस आधी उतरली.

वर्षदिनाला तो वस्त्र खांद्यावर टाकून ताठ उभा राहिला. लोक वळून वळून बघत होते. नव्या वस्त्राला नाव असावं लागतं. नाना ओडुरोंच्या वतीनं बोलणाऱ्या म्हाताऱ्यानं काठी टेकवून विचारलं, "याचं नाव काय?"

"ऊठ, कोंबड्या हाकल."

मग म्हातारा मान डोलवू लागला. "मोठं नाव आहे. घर राखायचं तर माणसानं बसून राहू नये, असा अर्थ." नानाही गादीवरून म्हणाले, "खरं आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

"नाव तू ठेवलंस?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना. मी विणतो. नावं पोमाच ठेवायची. हेही तिचंच."

जेवणं सुरू झाली तेव्हा अमानक्वा जवळ सरकला. तो बसला नव्हता. ताट हातात धरून उभाच होता.

"नावाचा खरा अर्थ सांग."

न्यांताचीनं सांगितला, सगळा, गाठीपासून मिरचीपर्यंत, आवाज न उतरवता. बाजूचे दोन विणकरही जेवता जेवता थांबून ऐकू लागले.

अमानक्वानं मान खाली घातली. "सिस्टर कुठल्या वारी असते?"

"रोज असते. उद्या मी येतो तुझ्याबरोबर," न्यांताची म्हणाला. "आणि ती बाटली फेकून दे."