रोटाचा तुकडा

“रोट घरनाच शे, पोरी. परकाले देवाना नही, राजा उना तरी!”

सुनंदा फ्रॉकमध्ये होती तेव्हा थोरल्या काकूचा, भिकुबाईचा हा आवाज चुलीपासून पार गल्लीपर्यंत गेला होता. दारातल्या मैत्रिणीला खीर मिळाली, रोट नाही. कानबाई देवी घरात बसते त्या दिवशी तिच्या प्रसादाचा जाड रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, हा शिरपूरकडच्या त्या गावाचा कायदाच.

आज पुन्हा कानबाई बसली होती, आणि त्याच दारात राजा नव्हे, धुळ्याच्या कॉलेजातले शालिग्राम सर उभे होते. जगातले धर्म आणि नीतिशास्त्र शिकवायचे. आवाज असा, की मुंग्यांनी गूळ सोडून तिकडे यावं. बुद्धाची करुणा सांगताना डोळे मिटायचे, येशूच्या क्षमेला उघडायचे, कुराणातली समता आली की चष्मा पुसायचे. दरवर्षी नेमका त्याच ओळीला. सुनंदाला शिसारी यायची. त्यांचं एक कृत्य तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही गिळलं होतं. पुण्याला एम.ए.ला जायचं तर शिफारस त्यांचीच, आणि वडील, आबा, तिला पाठवायला तयार झाले होते तेही त्यांच्याच शब्दावर. म्हणून ती वर्गात मान डोलवायची.

सरांसोबत तिच्याच वर्गातला चिंधा होता, पिंपळनेरकडचा. सरांची पिशवी त्याच्या खांद्यावर.

“मला रोट द्या,” पाटावर बसत सर म्हणाले. “देव सगळ्यांचा असतो, आबा. भिंती माणसं बांधतात.”

काकूनं रोटाची परात मागं ओढली. “सर, पुरनपोळी शे ना. चार खा, आठ खा.”

“अज्ञान!” सर कनवाळूपणे हसले. मग चिंधाकडे वळले. “तू ओट्यावरच बस रे. आत गर्दी नको.”

आत आणखी चार पाट रिकामे होते.

“सर, परके तर आपण दोघंही,” चिंधा म्हणाला. “चला की ओट्यावर. पुरणपोळीला भिंत नसते.”

काकूनं पदर तोंडाला लावला, तरी हसू बाहेर सांडलंच. सरांच्या चेहऱ्यावरची करुणा दुधासारखी नासली.

“या लोकांना जवळ केलं की हे असं,” ते आबांच्या कानाशी लागले. मग मोठ्यानं म्हणाले, “सुनंदाची शिफारस उद्या लिहायला घेणार होतो. बघू आता.”

आबांचा चेहरा उतरला. “वहिनी,” ते खालच्या मानेनं म्हणाले, “देई टाका एक तुकडा. पोरनं भलं व्हई.”

काकूनं परातीवरचं फडकं सरकवलं, रोटाला हात घातला. देवीसमोर समई तेवत होती आणि सर मांडीवर रुमाल अंथरत होते, जणू लग्नाची पंगत. एवढ्याशा माणसासाठी काकूची आयुष्यभराची रीत मोडायची? सुनंदाच्या घशात पुणं अडकलं होतं, ते तिनं थुंकून टाकलं.

“काकू, ठेव तो खाली.”

“सुनंदा!” आबा म्हणाले.

“थांबा, आबा.” ती सरांसमोर उभी राहिली. “सर, गेल्या उन्हाळ्यात चिंधा तुमच्या खोलीतल्या माठातलं पाणी प्यायला. तो वळला आणि तुम्ही शिपायाकडून तो माठ फोडून घेतलात. मग तासाला येऊन आम्हाला करुणा शिकवलीत. मी दारातच होते, सर.”