खिडकीतल्या तीन पट्ट्या

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी बाहेरच्या खोलीतला त्याच्या थोरल्या भावाचा फोटो पार गुलाबी पडला. "भाऊजी मेल्यावर लाजायला लागले," बायको म्हणाली. तो हसला नाही. जन्मभर छापखान्यात मशीन चालवलेल्या माणसाने घरच्या प्रिंटरवर काढलेला काळा-पांढरा फोटो चार वर्षांत उडावा, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी बायकोच्या आजाराचं नाव सांगितलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, "अहो, माझा एक फोटो छापा. मोठा. मला बघायचाय."

त्याने तीन शाया आणल्या. एक स्वस्तातली, एक महागातली. या दोन्ही निरनिराळे रंग मिसळून काळ्या केलेल्या. तिसरी निव्वळ काजळीची. प्रिंटरचं तोंड बुजवते म्हणून दुकानदार ती द्यायलाच तयार नव्हता. तिन्ही शायांनी त्याने तिच्या चेहऱ्याच्या तळहाताएवढ्या पट्ट्या छापल्या. अर्धा चेहरा काळ्या कागदाने झाकला, अर्धा उघडा ठेवला आणि पट्ट्या स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवल्या.

"सहा महिने ऊन खाऊ दे त्यांना. टिकेल त्या शाईत तुला छापतो."

"आणि तोवर मी टिकायचं?"

"काहीतरीच बोलू नकोस. घाईने छापला म्हणून तर दादाचं असं झालं."

दोन महिन्यांत पहिली पट्टी गुलाबी झाली, दुसरी हिरवट. काजळीची जागची हलेना. औषध घेऊन झालं की बायको खुर्ची ओढून खिडकीशी बसायची.

"झालं की! तिसरीने बाजी मारली. छापा आता."

"अजून चार महिने. एकदा तोंडघशी पडलोय मी."

"बरं बाई, तुमचं खरं," ती म्हणाली. पुन्हा तिने विषय काढला नाही.

सहा महिने भरायची वाट मग त्यानेही पाहिली नाही. चौथ्या महिन्यात काजळीच्या पट्टीवरचा काळा कागद सोलला. झाकलेला आणि उघडा चेहरा सारखाच होता, मधे रेघसुद्धा नाही. त्याने मोठा फोटो छापला. कपाळावरचा एकेक पांढरा केस सुटा दिसत होता. शाई वाळायच्या आतच कागद दोन्ही हातांत धरून तो स्वयंपाकघरात आला आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "अगं, बघ."

बायको त्याआधी नऊ दिवस, मंगळवारी सकाळी गेली.