अधिवेशनातली खुर्ची

मोनालीनं फळीवरची स्मृतिचिन्हं एकेक करून खाली काढली आणि पोत्यात भरायला सुरुवात केली. काही काचेची होती, काही लाकडाची, काहींचा पितळी रंग उडालेला. प्रत्येकावर गाव आणि साल कोरलेलं. अकोला, वर्धा, चंद्रपूर. फळी तिला नव्या झालरी ठेवायला हवी होती.

मारोती गोदामाच्या दारात उभे राहून पाहत होते. दारव्ह्याच्या 'मोनाली बिछायत केंद्रा'चे ते मालक. मंडप, गाद्या, खुर्च्या, सगळं त्यांनी उभं केलेलं. पण मुलगी कॉमर्सची पदवी घेऊन धंद्यात उतरली तेव्हापासून मालकी नावापुरती उरली होती, आणि नाव तर आधीपासून मुलीचंच होतं.

"फेकून राह्यली का?"

"फेकत नाही, बाबा. पोत्यात ठेवते." मोनालीनं हात झटकले. "यंदाचं अधिवेशन पुसदले हाय ना, तेरा-चौदाले? चौदाले भगवानरावच्या नातीचं लग्न घेतलं मी."

मारोतींनी उजवा गुडघा चोळला. विदर्भातल्या मंडपवाल्यांचं हे अधिवेशन त्यांनी आजवर एकदाही चुकवलं नव्हतं.

"मले एक सांगा बाबा, इतक्या वर्षांत तिथून आणलं काय? पिशव्या, पेन, अन् हे. एक तरी गिऱ्हाईक भेटलं?"

"नाही."

"नवं काही शिकून आले?"

"नाही तसं."

"मग दोन-दोन दिवस तिथं करता काय?"

मारोती ओशाळल्यासारखे झाले. "काही नाही. बसतो."

मोनालीला हसूही आलं आणि चीडही. ऐन लग्नसराईत पोरं मंडपाच्या लाकडी बल्ल्या रोवून घामाघूम होतात आणि हा माणूस नुसता बसायला म्हणून गावोगाव जातो! कोणाला सांगायची सोय नाही.

"यंदा मी जाते," ती म्हणाली. "काय हाय तिथं, माह्या डोळ्यानं पाहते. कामाचं असलं तं पुढच्या साली दोघं जाऊ. नसलं तं नाव कटवून टाकू. लग्न तुम्ही पाहा."

"बरं," मारोती म्हणाले. फार चटकन म्हणाले. खाली राहिलेलं शेवटचं स्मृतिचिन्ह त्यांनी उचललं, गळ्यातल्या दुपट्ट्यानं पुसलं आणि स्वतःच पोत्यात ठेवलं.

तेरा तारखेला सकाळी मोनाली निघाली तेव्हा दाराआड हँगरला बाबांचा पांढरा शर्ट होता. आईनं, सत्यशीलानं, सवयीनं अधिवेशनासाठी इस्त्री करून लावलेला. मोनालीची पिशवी भरून झाल्यावर आईनं तो काढला, घडी घातली आणि पुन्हा पेटीत टाकला. ती घडी मोनालीला एसटीत बराच वेळ टोचत राहिली.

पुसदला पोचल्यावर मात्र तिनं कंबर कसली. वही काढली, पानाच्या डोक्यावर 'उपयोग' असं लिहिलं आणि हिंडायला लागली. दुकानांच्या रांगेत प्लास्टिकची फुलं होती, तीच यवतमाळच्या बाजारात मिळणारी. करावर बोलायला आलेले पाहुणे तास-दीड तास उशिरा आले आणि स्वतःच्याच सत्काराला लांबलचक उत्तर देऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पान कोरंच होतं. आपलं म्हणणं खरं ठरतं आहे याचा एक वाईट आनंद असतो, तो तिला पोटभर होत होता.

समारोपाच्या जेवणाची वेळ झाली. टेबलांवर पांढरं कापड, खुर्च्यांना फिती. एका खुर्चीची फीत सुटली होती. मोनालीनं जाता जाता ती बांधली, मग कनातीला पाठ लावून हाताची घडी घालून उभी राहिली. प्रत्येक लग्नात ती अशीच उभी असते. लहानपणी राळेगावच्या एका लग्नात ती लाल खुर्चीवर जाऊन बसली होती, तेव्हा बाबांनी काखेत हात घालून तिला अलगद उचललं होतं. "पाहुण्यायची हाय, बाई." आपण लावलेल्या खुर्चीवर आपण बसायचं नाही आणि जेवायचं ते शेवटच्या पंगतीनंतर, कनातीमागे, उभ्यानं. असा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. बसलात म्हणून कुणी उठवलंही नसतं. पण बसा, असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं.

"मारोतीभाऊची पोरगी ना तू?" पुसदचे जुने मंडपवाले इंद्रजितकाका हातात वरणाची बादली घेऊन समोर उभे होते. "उभी काहून? बस."

"बसते काका. लोकं बसू द्या आधी."

"लोकं कोन? आपणच तं आहो." काका हसले. "ज्या गावात अधिवेशन, त्या गावच्या मंडपवाल्यांनी वाढायचं. बाकीच्यायनं खुर्चीवरून उठायचं नाही. वर्षातून एक दिवस. तुह्या बाबानं सांगतलं नाही का?"

त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली.

"भाऊ अशीच कोपऱ्याची पाहतात. भाषणाले दिसत नाही कधी, पण जेवायले बसले का उठतच नाही. दोन-दोन पंगती होऊन जातात. आम्ही टेबल पुसतो, तरी बसलेले. आम्ही काही म्हणत नाही. गेल्या साली म्हटलं, भाऊ, पाणी आणून देऊ का? तं म्हणे, आण. एवढे खूश झाले का विचारू नको."

मोनाली बसली. कुणीतरी तिच्या ताटात भात वाढला, कुणी वरण. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं उचललेला घास ताटात ठेवला. एक वाजला होता. दारव्ह्यात वरात मंडपाच्या तोंडाशी आली असेल.

तिनं फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"जय भीम, बाबा. जेवले का?"

"जय भीम. आत्ताच वरात आली. जेवू मागून." मग जरा थांबून, "हाय का तिथं काही कामाचं?"

तिनं मांडीवरची वही मिटली. "गुडघा दुखत असन. बसा ना थोडं."

मारोती हसले. लहान पोरानं काहीतरी भलतंच विचारावं तसे.

"कुठी बसू, बाई? खुर्च्या पाहुण्यायच्या आहेत."

दुसरी पंगत बसली, उठली. मोनाली जागची हलली नाही. कुणी तिला उठवलं नाही. शेवटी इंद्रजितकाका पुढच्या सालच्या नावांचं रजिस्टर घेऊन आले.

"दोघांचं लिहू का?"

"मी लिहिते."

तिनं बाबांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खालच्या ओळीवर स्वतःचं लिहायला पेन टेकवला आणि थांबली. पुढच्या सालीही त्या तारखेला दारव्ह्यात कुणाचं तरी लग्न असेल. मंडपात कुणीतरी उभं राहायला लागेल.

तिनं पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर काकांच्या हातात दिलं.