दहाव्या फ्रेटवरचा ठिपका

गेल्या वर्षी शाळेच्या स्टेजवर, सोलोच्या ऐन मध्यात, माझी बोटं थिजली. एक सूर चुकला आणि मी त्या सुराकडे बघतच राहिले. बाकीचा सोलो मी तारांवर हात ठेवून पुतळ्यासारखी उभी, आणि मागे बास न् ड्रम्स आपले चालूच. दुसऱ्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'पॉज'. डब्याचं झाकण उघडायला जरा वेळ लागला तरी कुणीतरी ओरडणारच, "अरे, प्ले दाबा रे हिचं!"

यंदा बँडमध्ये गिटारची एकच जागा होती. बँडच्या सरांनी आधीच बजावलेलं, "चुकलीस तर चालेल. थांबलीस तर गिटार खाली ठेवायची, दार लावून घ्यायचं आणि पुन्हा विचारायला यायचं नाही."

पण यंदाची मी वेगळी होते! आठ महिने मावशीने मला तासून काढलं होतं. मावशी दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांची मापं घेते आणि संध्याकाळी जॅझ गिटार वाजवते. तिनेच मला मेलडिक मायनर हा स्केल, म्हणजे सुरांची शिडी, दिला. साधा मायनर स्केल म्हणजे उतरलेलं तोंड. मेलडिक मायनरमध्ये शेवटचे दोन सूर अर्ध्या पायरीने वर उचललेले. "डोळ्यांत पाणी, पण नाक वर," असं मावशी म्हणते. सी मायनरच्या ब्लूजवर, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा बारांच्या फेरीवर, तो वाजवला की मला आपण किमान पंचवीस वर्षांच्या झाल्यासारखं वाटायचं.

शिवाय एक गुपित होतं. फेरीच्या चौथ्या बारमध्ये कॉर्ड बदलते आणि पुढच्या कॉर्डची ओढ लागते. तिथे तोच स्केल, तीच बोटं, फक्त एक फ्रेट, म्हणजे मानेवरची एक आडवी पट्टी, वर सरकवायची. सगळे सूर वाकडे लागतात, ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, आणि पाचव्या बारच्या तोंडाशी आपण सरळ सुरावर उतरलो की तो श्वास सोडतो.

"शेजाऱ्याच्या घरात खुशाल शिर," मावशी म्हणाली, "पण जेवायला थांबू नकोस."

माझी खोड एकच. मी ठिपके बघून वाजवायचे. गिटारच्या मानेच्या कडेवर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या फ्रेटला ठिपके असतात. सगळ्यात जाड तारेवर नवव्याच्या एक अलीकडे बोट ठेवलं की सी हा सूर. माझं घर. मावशी वैतागायची. "कान कशाला दिलेत ग तुला? चष्मा अडकवायला?"

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तोऱ्यात संगीताच्या खोलीत शिरले. रचून ठेवलेल्या खुर्च्या, कुबट गालिचा, खिडकीपाशी सर वही घेऊन बसलेले. मी केबल जोडली. ॲम्पमधून खर्रर्र आलं आणि सगळं गप्प. केबल हलवली. पुन्हा खर्रर्र. माझ्या गिटारचा जॅक, केबल खुपसायचं भोक, आतून निसटला होता.

तोरा तिथेच गळाला.

सरांनी कपाटातून एक जुनी, पोकळ अंगाची तपकिरी गिटार काढून माझ्या हातात दिली. "ही घे. दोन फेऱ्या. वेळ नाही."

बास वाजवणारी मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि दोन वीत उंच, म्हणून तिला सगळे जिराफ म्हणतात. ती वाकून पुटपुटली, "घाबरू नकोस ग, पॉज. मी खाली आहे. पडलीस तर माझ्यावर पड."

मला हसूसुद्धा आलं नाही. मान अनोळखी होती, जाड आणि गार. सातव्याच्या पुढचा ठिपका शोधला, एक अलीकडे बोट ठेवलं. ड्रमवाल्याने काड्यांवर चार मोजले.

आणि माझा पहिला सूर चुकला.

जिराफचा सी आणि माझा सूर एकमेकांना चावले. मी पुढे गेले, ओळीतले पुढचे सूरही वाकडेच. ठिपक्याकडे बघितलं. बोट बरोबर जागेवर होतं! डोळे म्हणत होते बरोबर, कान म्हणत होते चूक, आणि त्या दोघांच्या मधे माझी बोटं जड व्हायला लागली. गेल्या वर्षीसारखीच, आधी करंगळी, मग मनगट. सरांनी वहीवरून मान वर केली. मला ते दार दिसलं, आपल्यामागे लावून घ्यायचं ते.

मी डोळे घट्ट मिटले.

आता फक्त बास उरला. जिराफ तोच सी पुन्हा पुन्हा देत होती, मुद्दाम जोरात. माझी ओळ त्याच्या जरा वर लोंबकळत होती. किती वर? अर्धी पायरी. एक फ्रेट. अरे, हे तर शेजाऱ्याचं घर! मी बोट न उचलता एक फ्रेट खाली घसरले, आणि सूर असा बसला की माझ्याच अंगावर काटा आला.

पण वही उघडी होती. चूक सगळ्यांनी ऐकली होती. चौथा बार आला तेव्हा भीतीनेच मला सुचलं: जी ओळ पहिल्या बारमध्ये चुकीच्या जागी पडली, तिची जागा हीच आहे. मी एक फ्रेट वर गेले आणि तीच ओळ, सुरासुराने तशीच, पुन्हा वाजवली. पाचव्यात उतरले. ड्रमवाल्याच्या तोंडून "ओहो" निघालं. दुसरी फेरी मी कशी वाजवली ते मला आठवत नाही. थांबले नाही, एवढं नक्की.

शेवटचा सूर विरल्यावर सरांनी विचारलं, "पहिल्या बारमध्ये काय होतं ते?"

मुद्दाम केलं म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. पण खोटं बोलायला ताकद लागते, आणि माझी सगळी त्या दोन फेऱ्यांत संपली होती.

"चूक, सर."

"आणि चौथ्यात?"

"तीच चूक. पण मुद्दाम."

सर उठले, गिटारच्या मानेवरून अंगठा फिरवत ठिपके मोजले. तीन, पाच, सात, दहा. "काही जुन्या गिटारींना नवव्याऐवजी दहाव्याला ठिपका असतो. सांगायचं राहिलं माझं." वहीत काहीतरी लिहिलं. "मंगळवारी तीन वाजता ये. सरावाला."

जिराफने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की गिटार पडता पडता राहिली. "आता हिला काय म्हणायचं? रिवाइंड?"

मावशीला फोन केला तर तिने एवढंच विचारलं, "डोळे मिटलेस ना?" आणि मी हो म्हटल्यावर दुकानातल्या गिऱ्हाइकासमोर ती मोठ्याने हसली.

मंगळवारी मी तीनला पाच मिनिटं कमी असतानाच पोचले. माझी गिटार दुरुस्त होऊन पाठीवर होती, पण सरांनी ती उघडूच दिली नाही. खुर्चीवर तीच तपकिरी गिटार ठेवलेली होती, आणि तिच्या मानेवरच्या एकूण एक ठिपक्यावर काळी टेप चिकटवलेली.

मी तळहात स्कर्टला पुसले आणि जिराफला म्हटलं, "सी दे."