मी भिंतीवर दाखवलेला बुरुलचाचा फोटो

मित्रांनो, मी एक म्हातारा प्रोजेक्टर. नारीन नदीकाठच्या एका गावात, लग्नाच्या हॉलात बारा वर्षं छताला टांगून घेतलं. आता कढयांच्या खोलीत नमद्याखाली, म्हणजे लोकरीच्या जाड जाजमाखाली पडलोय. शिक्षा झालीय मला.

हॉलाचे मालक तोक्तोसुन बाइके (बाइके म्हणजे आमच्याकडे दादा) यांनी मला पहिल्यांदा लावलं, तेव्हा चित्र उलटं पडलं. नवरदेव खाली, घोडा त्याच्यावर! पाहुणे पोट धरून हसले. म्हातारे म्हणाले, "यंत्राचा पायगुण चांगला दिसतोय." तेव्हापासून प्रत्येक मेजवानीत माझं कौतुक. वायरीतून येईल ते मी दाखवायचो. दाखवू का, असं विचारायची सोय माझ्यात नव्हती.

बुरुलचा नावाची मुलगी गावच्या शाळेत गणित शिकवायची. झामीरशी तिचं ठरलं होतं. त्याच्या आजीनं, काल्बुबू आपांनी, स्वतः तिच्या कानात चांदीची कर्णफुलं घातली होती. आमच्याकडे कर्णफुलं घातली की लग्न पक्कं. तिनं एकदा झामीरला आपला अगदी खासगी फोटो पाठवला. कसला, ते मी सांगणार नाही. एकदा दाखवून झालंय, तेवढं पाप पुरे.

झामीरनं तो जिवलग मित्राला पाठवला. "फक्त तुला हं. बघ आणि पुसून टाक." मित्रानंही फक्त एकालाच पाठवला. असं 'फक्त, फक्त' करत तो सापारच्या फोनात येऊन पडला. हा सापार म्हणजे मेजवान्यांत माईक धरून बडबडणारा गडी.

लग्नाआधी बुरुलचाला माहेरहून निरोप द्यायची मेजवानी होती. सापारला तिचे लहानपणापासूनचे फोटो दाखवायचे होते. त्याच्या दीडशहाण्या फोननं चेहरा ओळखून तिचे होते नव्हते तेवढे सगळे गोळा केले. यानं न बघताच वायर जोडली. पाळण्यातली बुरुलचा, कोकरू कडेवर घेतलेली बुरुलचा, आणि मग तो फोटो.

दोनशे माणसांसमोर. सापारनं घाबरून भलतंच बटण दाबलं. फोटो दुप्पट मोठा झाला.

काल्बुबू आपा ताडकन उठल्या. "बाता!"

वडीलधाऱ्यांनी बाता, म्हणजे आशीर्वाद द्यायला घेतला की आमच्यात सगळ्यांनी ओंजळ धरायची, आणि शेवटी 'ओमिन' म्हणून तळवे तोंडावरून फिरवायचे. आपांनी शेवटापासूनच सुरुवात केली.

"ओमिन! हात तोंडावर! मी सांगेपर्यंत काढाल तर बघा! मेंढ्या वाढू देत, घोड्या विऊ देत, घाटातला रस्ता होऊ दे..."

"आपा, रस्ता गेल्या साली झाला," तळव्यांमागून कुणीतरी म्हणालं.

"मग परत होऊ दे! तोंड झाक, गाढवा!"

तेवढ्यात तोक्तोसुन बाइकेंनी खुर्चीवर चढून माझी वायर उपटली. पण मी वरून पाहिलं होतं. तिघांच्या हातात फोन होते, भिंतीकडे रोखलेले.

"असले फोटो काढायचेच कशाला?" बुरुलचाची मावशीच म्हणाली. बऱ्याच माना डोलल्या.

"आपा, मी तर एकालाच पाठवला होता," झामीर रडकुंडीला आला.

"तिनं तुला दिला होता. तू कोण वाटणारा? बोरसोक आहेत का रे ते तळलेले, मूठभर घेतले आणि ताट पुढं सरकवलं?"

बुरुलचानं एकेक कर्णफूल काढलं आणि आपांच्या हातावर ठेवलं. "तुमच्यावर राग नाही, आपा." आपांनी मूठ मिटली, पण तिला थांब म्हणाल्या नाहीत.

मग पंच बसले. झामीर तरुण आहे, होतं असं. सापारचं लक्ष नव्हतं, होतं असं. दोष कुणाचा? यंत्राचा! मला नमद्यात गुंडाळलं.

पुढचं मी कढया घासणाऱ्या बायकांकडून ऐकलं. बुरुलचा नऊ दिवस शाळेत गेली. दहाव्या दिवशी फळ्यावरून वळली, तर सगळा वर्ग तोंडावर तळवे धरून खिदळत होता. "ओमिन, बाई, ओमिन!" तिनं खडू ठेवला आणि दुपारच्या गाडीनं गाव सोडलं. तो फोटो मात्र अजून गावात फिरतोय.

मित्रांनो, असला फोटो तुमच्याकडे आला तर पुढं ढकलू नका. जिचा आहे तिला सांगा, घरातल्या भरवशाच्या माणसाला सांगा. आणि 'काढलासच कशाला' असं तिला विचारू नका. पाठवणाऱ्याला विचारा.

गणिताला अजून कुणी आलेलं नाही म्हणे. सहावीची मुलं अपूर्णांकांतच अडकलीत.